पऱ्हाटीच्या जाळावरचा सैपाक

पऱ्हाटी धडाधडा जळते, पण टिकत नाही. कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या आवाराला लागून रचायच्या आणि वर्षभर तेच सरपण वापरायचं, ही अंजनगाव सुर्जीकडच्या घरांची जुनी रीत. तुरीच्या तुराट्या त्याहून हलक्या; पेटवायला सोप्या, विझायलाही. असल्या सरपणावर सैपाक करणाऱ्या बाईला चुलीसमोरून उठताच येत नसे. एका हातानं भाकर थापायची, दुसऱ्यानं पऱ्हाटी आत सारायची, आणि बाहेर राहिलेलं टोक जळत जळत पदराकडे येत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. गेल्या साठेक वर्षांत या भागातल्या सैपाकघरात काय बदललं याचा माग काढायला बसले, तेव्हा सुरुवात या जाळापासूनच करावी लागली. पदार्थ कसा करायचा आणि करताना जीव कसा सांभाळायचा, या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या सांगितल्याच जात नसत.

कुरडईचं उदाहरण घ्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. रात्रभर ठेवला की चीक खाली बसतो आणि वर पाणी येतं. ते पाणी अलगद ओतून टाकायचं. मग जेवढा चीक तेवढंच पाणी मोठ्या गंजात उकळायला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग. इथपर्यंत कोणीही सांगेल. खरी कसोटी पुढे असते. चीक उकळत्या पाण्यात पडला की क्षणात घट्ट होतो, आणि घट्ट होताना मोठमोठे बुडबुडे फुटून तो अंगावर उडतो. पाणी उडालं तर ओघळून जातं. चीक कातडीला चिकटून बसतो आणि आतपर्यंत भाजत राहतो. म्हणून हे काम एकटीनं करायचं नाही, हा नियम. एकीनं बारीक धार धरायची, दुसरीनं लांब दांड्याच्या चाटूनं घोटायचं, तिसरीनं गंज दोन्ही बाजूंनी फडक्यात पकडायचा. लेकरं अंगणात नाही, तर गच्चीवर पाठवलेली. आणि म्हाताऱ्या बाईचा आवाज अखंड चालू: ‘घोटत राय माय, थांबू नोको, नाई त गुठया होतीन. हात लांब ठेव, चटका बसन.’ गुठळीची काळजी आणि चटक्याची काळजी एकाच वाक्यात. नवी सून हे एका उन्हाळ्यात शिकायची आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या घरी जाऊन दुसरीला सांगायची. शेवया, सरगुंडे, पापड, मुगवड्या हे सगळं वाळवण याच पद्धतीनं घराघरांत फिरायचं. वही नाही, पुस्तक नाही. सांगणारी आणि ऐकणारी शेजारी शेजारी बसलेल्या.

छापील मराठी पाकपुस्तकं तोवर जुनी झाली होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910चं. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी मात्र पुस्तक वाचून सैपाक करण्याची कल्पना रुजली ती 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पासून, असं मला वाटतं. तोळे-मासे आणि ‘अंदाजानं’ हे दोन्ही बाजूला सारून त्यांनी वाटी आणि चमचा हे माप धरलं. माप घरातलंच असल्यामुळे नोकरीच्या गावी बदली होऊन गेलेल्या, सासू-आई जवळ नसलेल्या मुलींना पहिल्यांदाच कोणाला न विचारता सैपाक जमू लागला. हे उपकार मोठे आहेत. लग्नात हे पुस्तक भेट मिळालेल्या कितीतरी बायकांनी त्याची पानं तेलकट होऊन सुटी झाली तरी जपून ठेवली.

पण छापील कृतीची चौकटच अशी की साहित्य, प्रमाण, कृती यांपलीकडचं बोलणं तिच्यात मावत नाही. पाटवडी घ्या. कागदावर ती अशी उतरते: तेलात मोहरी, जिरं, लसूण-मिरचीचं वाटण, हळद, दीड वाटी पाणी, उकळी आल्यावर मीठ आणि एक वाटी बेसन घालून घोटावं, झाकण ठेवून वाफ आणावी, तेल लावलेल्या ताटात थापून वर खसखस, खोबरं, कोथिंबीर घालावी, वड्या पाडून रश्शासोबत वाढाव्यात. यात काहीही चूक नाही. हीच पाटवडी तोंडी सांगताना आमच्याकडची बाई म्हणेल, मिरचीचं वाटण तेलात टाकताना तोंड बाजूला घे, ठसका लागतो. पाण्याला उकळी आली की आधी आच बारीक कर, गंज सांडशीनं धर, मग बेसन भुरभुर. झाकण काढताना ते तुझ्याकडून पलीकडे उघड, वाफ तिकडे जाऊ दे. थापताना हात पाण्यात बुडवून घे, पीठ गरम असतं. पदार्थ तोच, वेळही तेवढाच. हाताला फोड यायची की नाही हे मात्र या चार वाक्यांवर ठरतं. माझं म्हणणं इतकंच आहे की कृती कागदावर गेली तेव्हा ही चार वाक्यं गाळली गेली, आणि ती परत आणायला आपल्याला फार उशीर लागला.

त्याच काळात चुलीशेजारी रॉकेलचा स्टोव्ह आला. वातीचा बरा, पंपाचा भरभर पेटायचा, पण त्याचं तोंड चोंदायचं, पिन मारावी लागायची, हवा जास्त भरली गेली की जाळ उसळायचा. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणं ही तर सर्रास चालणारी गोष्ट. आणि याच वर्षांत सुती लुगडी-पातळांच्या जागी नायलॉनच्या, टेरिलिनच्या साड्या आल्या. सुती कापड जळतं, पण ओढून टाकता येतं; नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. चुलीपुढे चालून गेलेला पदर स्टोव्हपुढे जिवावर बेतू लागला. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ ही ओळ त्या वर्षांत वर्तमानपत्रांत इतकी नेमानं यायची की डोळे तिच्यावरून पुढे सरकत. त्यातले सगळेच भडके अपघात नव्हते. हुंड्यासाठी जाळलेल्या मुलींच्या बातम्याही याच ओळीखाली दडल्या. बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, 1983 साली भारतीय दंड विधानात 498 अ हे कलम आलं आणि 1986 साली हुंडाबळीचं 304 ब. सैपाकघरातल्या सुरक्षिततेचा मागोवा घेताना हे वगळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. सगळ्यात धोक्याची गोष्ट नेहमी शेगडीवरच असते असं नाही.

प्रेशर कुकर याच सुमाराला घरोघर शिरला. हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही भारतात 1959च्या आसपास बनू लागले होते. आमच्याकडच्या मध्यम घरात यायला त्यांना पुढची काही वर्षं लागली. आला तेव्हा बायकांनी त्याला हात जोडले, कारण तुरीची डाळ. काही विहिरींच्या जड पाण्यात ती तासन्‌तास शिजवली तरी दाणा मोडत नसे. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, पाणी 120 अंशांच्या आसपास जातं आणि डाळ विरघळते. त्याचबरोबर भीतीही आली, आणि ती अनाठायी नव्हती. डाळ फेसाळते, तिची सालं शिट्टीच्या नळीत अडकतात, वाफेला वाट राहत नाही. म्हणून डाळीसाठी कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, वर थोडं तेल आणि हळद टाकायची म्हणजे फेस बसतो. झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते पाहायचं. रबरी रिंग कडक झाली, चिरली, की बदलायची. सुरक्षेचा वॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा बसवायचा. दुसरं काहीतरी ठोकून भागवायचं नाही. आणि शिट्टी उचलल्यावर सुं सुं आवाज येत असेल तोवर झाकणाला हात लावायचा नाही, पाहुणे ताटावर बसलेले असले तरी. घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते 1 फेब्रुवारी 2021 पासून, म्हणजे कुकर आल्यावर सहा दशकांनी. आठवडी बाजारात स्वस्तात मिळणारा बिनचिन्हाचा कुकर तोवर कितीक घरांनी वापरला असेल.

मग गॅस. ऐंशी-नव्वदच्या दशकांत नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची; शिलेंडर घरी येणं हा कौतुकाचा सोहळा असायचा. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर खेड्यापाड्यांतल्या झोपडीतही शेगडी पोचली. धूर कमी झाला, डोळे चुरचुरायचे थांबले. पण पऱ्हाटीचा जाळ दिसायचा, ऐकू यायचा; गॅस गळतो तेव्हा काहीच दिसत नाही. त्याला येतो तो वाससुद्धा मुद्दाम मिसळलेला असतो, नाक सावध व्हावं म्हणून. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत साचतो. तेव्हा वास आला की दिवा लावायचा नाही, लावलेला मालवायचाही नाही, कारण ठिणगी दोन्हीत पडते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि 1906 या क्रमांकावर फोन करायचा. शेगडी ओट्यावर, शिलेंडर खाली आणि उभं. नळी पाच वर्षांनी बदलायची, ती दिसायला चांगली असली तरी. शिलेंडरच्या गळ्यापाशी पट्टीवर अक्षर आणि आकडा असतो: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे. ती तपासणीची मुदत असते. उलटून गेलेली असेल तर शिलेंडर परत करायचं. हे सगळं कनेक्शनसोबतच्या कागदावर छापलेलं असतं आणि तो कागद पासबुकात घडी घालून पडलेला असतो. पाटवडी सांगणारीनं हे कधी सांगितलं नाही, कारण तिलाही कोणी सांगितलं नव्हतं.

भाजल्यावर काय करायचं, या बाबतीत मात्र जुनं ज्ञान तोकडं होतं हे कबूल करायला हवं. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, ओल्या मातीचा लेप, सगळं लावून झालं. खरं तर भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा, बर्फ नाही, लेप नाही. सूज यायच्या आत बांगड्या-अंगठ्या काढायच्या. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ कापडानं सैल झाकून दवाखाना गाठायचा. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर त्यावर पाणी टाकायचं नाही, आच बंद करून झाकण सरकवायचं.

दूरदर्शन, मग वाहिन्यांवरचे पाककृतींचे कार्यक्रम, मग मोबाइल; ही मजल सगळ्यांनी पाहिली आहे, तिच्यावर रेंगाळत नाही. एवढंच नोंदवते की 2020च्या टाळेबंदीत तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे ‘आपली आजी’, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून घराघरांत पोचल्या तेव्हा मला फार आनंद झाला. सांगणारीचे हात आणि तिचा आवाज दोन्ही परत आले होते. बचत गटांच्या पापड-मसाल्यांनाही आता अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, त्यामुळे केस बांधणं, हात धुणं, डबे झाकणं याची चर्चा गटाच्या बैठकीत होते. पुन्हा बायका शेजारी शेजारी बसून एकमेकींना सांगताहेत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकात किंवा पडद्यावर आली नाही, कारण ती आमच्या मुलखाची आहे. भाव मिळेपर्यंत कापूस घरात साठवायचा. गोदाम नसलेल्या घरात तो मधल्या खोलीत, कधी आढ्यापर्यंत, आणि पलीकडे सैपाकघर. 1972 साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागायच्या. ती योजना पुढे बंद झाली, भावाची वाट पाहणं राहिलं. अंगाला खाज सुटते, लेकरं खोकतात, आणि एक ठिणगी पुरेशी असते. जुन्या बायकांचे नियम होते: त्या खोलीत कंदील न्यायचा नाही, जळकं लाकूड हातात घेऊन घरातून फिरायचं नाही, रात्री निखारे राखेखाली गाडून त्यावर पाण्याचा हात फिरवायचा. आता त्यात भर घालायला हवी. कापसाच्या खोलीतून विजेची उघडी वायर जाऊ द्यायची नाही, भरलेलं जादा शिलेंडर ‘तिथं जागा आहे’ म्हणून गंजीला टेकवून ठेवायचं नाही, देवाजवळचा दिवा सैपाकघराच्या दाराकडे सरकवायचा, आणि दोन्ही खोल्यांमधल्या दारात रेतीची बादली भरून ठेवायची. यंदाही दिवाळीनंतर वेचणी घरात येईल. बादली त्याआधी भरलेली असावी.