आमवाताच्या निदानातील अनिश्चितता : कौंडण्यपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे प्राचीन विदर्भाची राजधानी व रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वपरिचित आहे. आजचे कौंडण्यपूर मात्र प्रामुख्याने कपाशी, सोयाबीन आणि तूर यांवर जगणाऱ्या कष्टकऱ्यांचे गाव आहे. निंदण, सोंगणी आणि विशेषतः कापसाची वेचणी ही कामे बोटांच्या बळावर चालतात आणि वेचणी बहुतांशी स्त्रियांकडे असते. साहजिकच हातपाय दुखणे ही येथे आजार नव्हे, तर रोजची बाब मानली जाते. या सर्वसाधारण दुखण्यातून आमवात वेगळा ओळखणे कठीण का जाते आणि निदान अनिश्चित असताना रुग्णाने व वैद्यकाने काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

आजाराचे स्वरूप

आधुनिक वैद्यक ज्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणते, त्यास मराठीत सामान्यतः आमवात म्हटले जाते. माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन असून ते या आजाराशी बरेच जुळते. तथापि दोन्ही संकल्पना तंतोतंत एक नाहीत. इंग्रजी नाव इंग्लंडमधील डॉ. आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ साली रूढ केले.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हाताच्या बोटांची मुळे, मधली पेरे, मनगटे व पायांच्या बोटांची मुळे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी हात आखडलेले असतात. कणीक मळणे वा भाकरी थापणे तासभर जमत नाही. हालचालीने आखडलेपणा कमी होतो आणि विश्रांतीने वाढतो. वयोमानाने होणारी गुडघेदुखी याच्या उलट वागते. ती कामाने वाढते, विश्रांतीने शमते आणि तिचा सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो.

गर्दीतील एक रुग्ण

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील या आजाराचे प्रमाण जाणण्यासाठी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथील पाहणी मोलाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातील 'कॉपकॉर्ड' उपक्रमांतर्गत डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ती सुरू केली. तीत ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे वा स्नायूंचे दुखणे आढळले. आमवात मात्र सुमारे ०.५ टक्के लोकांना होता. याचा अर्थ असा की, दुखण्याची तक्रार करणाऱ्या सुमारे ३६ जणांमागे एकच आमवाताचा रुग्ण असतो. ३५ जणांना वेदनाशामक गोळी देऊन परत पाठविणाऱ्या डॉक्टरांकडून छत्तिसावाही तसाच परत जाणे, हे निष्काळजीपणाइतकेच या गणिताचेही फलित होय.

तपासण्यांची मर्यादा

उदाहरणादाखल चाळिशीतील एका शेतमजूर स्त्रीची कल्पना करू. वेचणीच्या हंगामात तिची बोटे सुजतात. गावात घेतलेल्या इंजेक्शनने चार दिवस आराम पडतो. पुढे प्रयोगशाळेत 'आर. ए. फॅक्टर' तपासला जातो व अहवाल 'निगेटिव्ह' येतो. घरचे म्हणतात, "रिपोर्टात तर काहीच नाही." या क्षणापासून तिचे दुखणे खोटे ठरू लागते.

वस्तुतः हा घटक सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांतच आढळतो. आजाराच्या आरंभी तर त्याहूनही कमी जणांत. उलटपक्षी, क्षयरोग, कुष्ठरोग व यकृताच्या विषाणूजन्य दाहातही तो आढळू शकतो. निरोगी लोकांतही सुमारे ५ टक्क्यांपर्यंत तो सापडतो. दोन हजार प्रौढांच्या गावात सरसकट तपासणी केली, तर भिगवणच्या प्रमाणाने आमवाताचे रुग्ण १० निघतील. परंतु अहवाल 'पॉझिटिव्ह' आलेले निरोगी लोक शंभरापर्यंत असू शकतील. १९९८ नंतर प्रचारात आलेली 'अँटी-सीसीपी' तपासणी अधिक नेमकी आहे, तरी तीही सुमारे एकतृतीयांश रुग्णांत नकारार्थी येते.

रक्तातील 'ईएसआर' दाहाची सूचना देतो, पण रक्तक्षयातही तो वाढतो. आणि ग्रामीण स्त्रियांत रक्तक्षय सर्रास आढळतो. क्ष-किरण चित्र आरंभी बहुधा निर्दोष दिसते. त्यात झीज दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

आजारांचे साधर्म्य

२००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. या तापानंतर काही रुग्णांचे हात-पाय महिनोन्‌महिने सुजलेले राहतात आणि चित्र आमवातासारखेच दिसते. त्यामुळे 'आधी ताप आला होता का व केव्हा', हा प्रश्न महागड्या तपासणीइतकाच महत्त्वाचा ठरतो. विदर्भात सिकलसेल आजाराचे रुग्ण आढळतात व त्यातही हाडे-सांधे तीव्रतेने दुखतात. थायरॉइडचे विकार, सोरायसिसशी निगडित संधिदाह व वातरक्त यांचाही विचार करावा लागतो.

निकष आणि निदान

१९८७ च्या अमेरिकन निकषांत सातपैकी चार लक्षणे आवश्यक होती. त्यांतील त्वचेखालील गाठी व हाडांची झीज ही उशिराची लक्षणे असल्याने नवा रुग्ण निसटत असे. २०१० मध्ये अमेरिकन व युरोपीय संघटनांनी संयुक्तपणे गुणपद्धती आणली. अन्य आजाराने स्पष्ट न होणारी सूज किमान एका सांध्यात असावी आणि १० पैकी ६ गुण मिळावेत, अशी तिची अट आहे.

वरील स्त्रीचे आठ लहान सांधे सुजले असतील तर ३ गुण, सहा आठवडे उलटल्याचा १ व दाहाच्या तपासणीचा १, असे ५ गुण होतात. रक्तघटक नकारार्थी असल्याने सहावा गुण मिळत नाही. परंतु म्हणून ती निरोगी ठरत नाही. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करण्याकरिता आहेत. निदान हे सांधे दाबून, इतिहास ऐकून व कालांतराने पुन्हा तपासून केलेला वैद्यकीय निर्णय असतो. युरोपीय संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींनुसार, संधिदाह टिकून राहण्याचा धोका दिसल्यास निकष पूर्ण होत नसतानाही शक्यतो तीन महिन्यांच्या आत मूळ उपचार सुरू करावेत. निदान अनिश्चित असणे हे उपचार थांबविण्याचे कारण होऊ शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

अनिश्चित काळातील व्यवहार

तीन किंवा अधिक सांध्यांना सूज, बोटांची मुळे एकत्र दाबल्यास वेदना अथवा सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडलेपणा, यांपैकी काहीही आढळल्यास तज्ज्ञांकडे जाणे इष्ट. कौंडण्यपूरच्या रुग्णासाठी तिवसा किंवा नदीपलीकडील आर्वी ही पहिली पायरी. पुढे अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा सेवाग्रामचे, १९६९ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. प्रत्येक फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ती फेरी वाया जाऊ नये. दुखण्याचा आरंभ, सुजलेले सांधे, आखडलेपणाचा वेळ व पूर्वीचा ताप यांची नोंद, घेतलेल्या औषधांची वेष्टने आणि सूज असतानाचे मोबाइलवरील छायाचित्र सोबत न्यावे. तपासणीच्या दिवशी सूज ओसरलेली असली, तरी छायाचित्र साक्ष देते.

निनावी पुड्या व वारंवार घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शने टाळावीत. त्यांनी सूज दबते, निदान लांबते आणि हाडे ठिसूळ होतात. स्टेरॉइड आधीच दीर्घकाळ सुरू असल्यास ते एकाएकी बंद न करता डॉक्टरांना सांगावे. पुढे मेथोट्रेक्सेट दिले गेल्यास ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ते वर्ज्य आहे.

समारोप

आमवात सिद्ध करणारी वा नाकारणारी एकच एक तपासणी उपलब्ध नाही. म्हणून "अजून निश्चित सांगता येत नाही" हे डॉक्टरांचे उत्तर अप्रामाणिक नसते. मात्र "पुन्हा केव्हा यावे आणि तोवर काय पाहावे" हे त्यासोबत सांगितले गेले पाहिजे. कुटुंबानेही अहवालाच्या कागदाइतकाच सुजलेल्या हातावर विश्वास ठेवावयास हवा. ज्या बोटांच्या वेचणीवर घर चालते, ती बोटे वाकडी झाल्यावर मिळालेले निश्चित निदान त्या घराच्या फारसे उपयोगी पडत नाही.