गाठ मऊ आहे, पण आहे कुठे?

खांद्यावरची चरबीची गाठ अनुभवी डॉक्टर बहुधा हातानेच ओळखतात. कडेवर बोट दाबलं की ती निसटते, सहसा दुखत नाही, वर्षानुवर्षं सावकाश वाढते. हाच लायपोमा गालाच्या आत, कानाखालच्या लाळग्रंथीत किंवा तळहातात आला, की नुसत्या हातावर भरवसा ठेवता येत नाही.

वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि शरद पवार दंत महाविद्यालय दोन्ही आहेत. तोंडातल्या गाठीसाठी अशी सोबत मोलाची. गालाच्या पातळ अस्तराखालची चरबी पिवळसर दिसते. खोल असेल तर रंग कळत नाही, आणि लाळ साचून आलेली गाठही हाताला तशीच मऊ लागते.

म्हणून आधी सोनोग्राफी. गाठ खोल असेल तर एमआरआय. त्यात चरबी पांढरी चमकते; मग चरबीचा संकेत दाबून पुन्हा चित्र घेतात. शेजारच्या चरबीबरोबर गाठही काळी पडली, तर ती चरबीचीच. आत जाड पडदे किंवा न विझणारा भाग दिसला, गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी किंवा स्नायूत खोल असली, तर लायपोसार्कोमा हा कर्करोग नाही ना, हे पाहावंच लागतं.

तान्ह्या बाळाच्या कमरेवर, पाठीच्या मधोमध मऊ गाठ असेल, तर ती मज्जारज्जूपर्यंत गेलेली असू शकते. तिला एमआरआयआधी कुणालाही सुरी लावू देऊ नका.

काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत अनेकदा तरंगते. त्यावरून चरबी कळते, निदान नाही. ते पॅथॉलॉजीत होतं. काचपट्टी तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रिकाम्या दिसतात आणि केंद्रक कडेला चपटं झालेलं असतं. सगळ्या पेशी अशा एकसारख्या असल्या तर लायपोमा. केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी दिसली, तर लायपोसार्कोमाच्या शंकेने एमडीएम२ या जनुकाच्या प्रती वाढल्यात का, हे तपासतात.

गाठ लहान असो, मोठी असो, काढली की तपासणीला पाठवायला सांगा. रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा. गाठ पुन्हा आली तर डॉक्टर आधी तोच विचारतील.