कापसाची वेचणी आणि महासंगणक

महासंगणकाचें शास्त्र पुण्यामुंबईच्या मुलांसाठींच आहे, असें कित्येकांस वाटतें. परंतु १९९१ सालीं पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेंत ज्यांच्या नेतृत्वाखालीं 'परम ८०००' सिद्ध झाला, ते डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्याचे होत.

महासंगणक म्हणजे एकच अतिवेगवान यंत्र नव्हे. अनेक संगणक जोडून त्यांजकडून एकच काम वांटून करून घेण्याची ती व्यवस्था होय. आपल्याकडील कापसाची वेचणी पाहा. वेचणारे वाढले म्हणजे शेत लवकर उरकतें; पण वजनाचा काटा एकच असल्यास तेथें सर्वांस खोळंबावें लागतें. गणनेचेंही तसेंच आहे. कामाचा दहावा हिस्सा एकट्या यंत्रानेंच करण्याजोगा असेल, तर हजार यंत्रें लाविलीं तरी वेग दहापटीहून अधिक वाढत नाहीं. यास अ‍ॅम्डालचा नियम म्हणतात.

म्हणून विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानें प्रथम लिनक्सच्या आज्ञा व सी किंवा फोर्ट्रान भाषा शिकावी. नंतर आपल्या प्रोग्रामचा वेळ कोठें जातो तें मोजावें. आणि मगच 'ओपन-एमपी' व 'एमपीआय' या वांटणीच्या पद्धतींकडे वळावें. महासंगणकावर सर्वांचीं कामें रांगेनें लागतात. गरजेहून अधिक यंत्रें मागणारा इतरांचा खोळंबा करितो.

या अभ्यासास आरंभीं महासंगणक लागत नाहीं. आजच्या साध्या संगणकांतही चार-आठ कोअर असतात. वांटणीचे पहिले धडे त्यांवरच गिरवितां येतात. उणीव यंत्राची नसून बहुधा आरंभाचीच असते.