सौंसरचं विद्यापीठ कोणतं?

मध्य प्रदेशातल्या सौंसरात कुणाला विचारा, मुलगा शिकायला कुठे गेला. पहिलं उत्तर बहुधा 'नागपूरले' असंच मिळेल. छिंदवाड्याला जायचं तर सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. नागपूरची वाट सावनेरवरून सरळ जाते. संत्र्यांच्या गाड्या त्या वाटेने गेल्या, पेशंट गेले, पोरंही गेली.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ला स्थापन झालं. त्याआधी हिस्लॉप आणि मॉरिस कॉलेजांतली मुलं आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा देत. सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू झाले आणि मध्य प्रांताला घरचं विद्यापीठ मिळालं. सौंसरचा तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतातला, म्हणजे सौंसरचंही ते घरचंच. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला मृत्युपत्राने दिलेल्या देणगीतून १९४२मध्ये तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली. वऱ्हाडासाठी अमरावती विद्यापीठ १९८३मध्ये वेगळं झालं, चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना २०११मध्ये. २००५पासून नागपूरच्या नावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आहेत.

पण मला खरं कौतुक आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. आपल्या गावाचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे सौंसरच्या किती मुलांना कुणी सांगितलं? मँगनीज पोटात घेऊन नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा अशा पट्ट्यात पसरलेल्या अतिप्राचीन खडकांना 'सौंसर समूह' म्हणतात. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी त्यातल्या मँगनीजयुक्त खडकाला गोंडांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी रामटेकच्या उत्तरेला देवलापारचा मुलूख पायी पालथा घालून तिथल्या खडकांच्या घड्या उलगडल्या. पुढे ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि निवृत्तीनंतर सागर विद्यापीठात त्यांनी भूशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. सौंसरच्या नावाचे खडक वाचणारा माणूस शेवटी सागरला स्थिरावला!

सागरचं विद्यापीठही परकं नव्हतं. ते १८ जुलै १९४६ला आपली सगळी कमाई ओतून उभारणारे डॉ. हरिसिंह गौर त्याआधी नागपूरचेच कुलगुरू होते. अडचण होती ती अंतराची आणि भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि आमच्या भागातल्या शिक्षणाचा कारभार नर्मदेपलीकडच्या सागरहून होऊ लागला. घरात मराठी, कागदावर हिंदी. २००९मध्ये सागर केंद्रीय विद्यापीठ झालं. २०१९मध्ये छिंदवाड्यातच विद्यापीठ आलं. १८५७मध्ये इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलेल्या राजा शंकर शाह यांचं नाव आता त्याला आहे. घरापासून लांब पाठवायला मन धजत नाही अशा मुलींच्या आईबापांसाठी ही मोठीच सोय झाली.

तरी मराठीचा प्रश्न उरतोच. २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात सौंसर आणि पांढुर्णा हे दोन्ही मराठी बोलणारे तालुके एकत्र आले. छिंदवाड्याच्या विद्यापीठाने इथली बोली, इथली दगडफेकीची गोटमार जत्रा, जामसावळीच्या हनुमानाची यात्रा, संत्र्याच्या बागांमधला व्यवहार हे संशोधनाचे विषय मानावेत आणि मार्गदर्शनाला नागपूरच्या मराठी विभागाला बोलवावं, असं मला कळकळीने वाटतं. आज सौंसरची मुलगी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला नागपुरात उभी राहते तेव्हा तिचं 'मूल निवासी' म्हणजे अधिवासाचं प्रमाणपत्र मध्य प्रदेशचं असतं. फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहून ती परराज्याच्या रकान्यात खूण करते.