नाशिकच्या रेडिओचे भविष्य कुठे लिहिलेले असते?

नाशिकमध्ये पुढे कोणते रेडिओ केंद्र बदलेल, हे सांगायला लोक श्रोत्यांच्या आवडीकडे बघतात. माझ्या मते आधी परवान्याचा कागद बघावा. खासगी एफएमला लहर (फ्रिक्वेन्सी) लिलावात मिळते, तीही मुदतीने: सरकारी एफएम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात (धोरण 2005) दहा वर्षे, तिसऱ्या टप्प्यात (धोरण 2011, पहिला लिलाव 2015) पंधरा वर्षे. जी जुनी केंद्रे 1 एप्रिल 2015 पासून तिसऱ्या टप्प्यात आली, त्यांची मुदत मार्च 2030 मध्ये संपते. नवे केंद्रही मनात आले म्हणून निघत नाही. सरकारने लहरी लिलावात काढायला हव्यात. ज्योतिष्याला एवढी पक्की तारीख क्वचितच मिळते!

यावर कुणी म्हणेल, मोबाइलवर गाणी फुकट ऐकता येतात, मग 2030 ची वाट कोण बघणार? आक्षेप खरा आहे, पण त्याचा परिणाम केंद्रांच्या संख्येवर नव्हे, आधी कार्यक्रमांवर होतो. तिसऱ्या टप्प्याने कंपनीला आपल्याच जाळ्यातला कार्यक्रम अनेक शहरांत वाजवण्याची मुभा दिली. त्यामुळे जाहिराती आटल्या की लहर तीच राहते, नाव तेच राहते, फक्त निवेदक नाशिकच्या गंगापूर रोडऐवजी मुंबईतून बोलू लागतो. स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी खासगी केंद्रांना नाही, म्हणून स्थानिकपणाचा सारा भार निवेदकावरच असतो. रेडिओ विश्वाससारख्या सामुदायिक केंद्राला मात्र हे गणित लागू नाही. त्याची परवानगीच नफा न कमावणाऱ्या संस्थेला, आसपासच्या वस्तीसाठी मिळते.