शॉर्ट फिल्म झाली, आता फेस्टिव्हलला पाठवायची कशी?

आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. डोंबिवली लोकलच्या गर्दीत इअरफोन निसटला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना फक्त फी आणि फाईलचा भाग परत वाचायचाय त्यांच्यासाठी.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून निघाला. पंधरा मिनिटांची शॉर्ट फिल्म, फोनवर शूट केलेली. फिल्मफ्रीवेवर चाळीस फेस्टिव्हल निवडलेत, सगळ्यांची मिळून फी अर्ध्या पगाराएवढी होतेय. भरू का?

नको भरू. का ते सांगतो.

फिल्मफ्रीवे म्हणजे आपल्या नोकरीच्या पोर्टलसारखं आहे. एकदा प्रोफाईल बनवायचं, फिल्मची लिंक टाकायची आणि फेस्टिव्हलवर क्लिक करत जायचं. प्रत्येकाची फी वेगळी, बऱ्याचदा डॉलरमध्ये. गडबड अशी की त्यात खरे फेस्टिव्हल आहेत, तसेच नुसत्या वेबसाईट चालवणारेही आहेत. दर महिन्याला बक्षिसं, पन्नास कॅटेगऱ्या, पण हॉल नाही आणि प्रेक्षकही नाही. तुम्हाला मिळतं काय, तर पोस्टरवर चिकटवायला पानांची एक नक्षी. ओळखायचं कसं? गेल्या वर्षीचं वेळापत्रक शोधा. कोणत्या हॉलमध्ये, किती वाजता, कोणती फिल्म लागली होती? हे सापडलं नाही तर टॅब बंद करा. निवड समितीत कोण आहे तेही बघा. नावंच दिली नसतील तर तुमची फिल्म कोणी पाहणार आहे की नाही, याचीसुद्धा खात्री नाही.

हॉलवर एवढा जोर का, तर चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'कडे बघा. पहिलाच सिनेमा, बरेचसे कलाकार नवखे, स्टार कोणी नाही. २०१४ मध्ये व्हेनिसला ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. शिवाय पदार्पणाच्या चित्रपटाचा 'लायन ऑफ द फ्यूचर' मिळाला, एक लाख डॉलरचा. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच ऑक्टोबरमध्ये मुंबईत काय झालं ते कमी लोकांना आठवतं. मामीचा मुख्य प्रायोजक गेला होता आणि फेस्टिव्हल होतो की नाही अशी अवस्था होती. शेवटी लोकवर्गणी काढली. सिनेमावाल्यांनी, उद्योजकांनी आणि साध्या प्रेक्षकांनीही पैसे घातले. त्या वाचवलेल्या फेस्टिव्हलमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला 'कोर्ट'. मग मार्चमध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि एप्रिल २०१५ मध्ये थिएटर रिलीज. व्हेनिसचं बक्षीस मोठंच, पण आपल्या लोकांनी मोठ्या पडद्यावर सिनेमा पाहिला, त्यावर वाद घातले, त्याची सुरुवात इथे झाली.

२०२५ चं चित्र जास्त विचित्र आहे. जानेवारीत रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' सनडान्सला वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. आणि त्याच वर्षी मामीचा फेस्टिव्हल झालाच नाही. म्हणजे मराठी सिनेमा अमेरिकेत जिंकतो आणि घराजवळचा पडदा गायब. म्हणून म्हणतो, जवळ जो खरा फेस्टिव्हल भरतो, त्याला आधी पाठवा. पुण्याचा पिफ आहे, मुंबईतला थर्ड आय आहे. फिल्म निवडली गेली तर तुम्ही स्वतः हॉलमध्ये बसाल, लोक कुठे हसले आणि कोणी कधी मोबाईल काढला हे दिसेल. चाळीस ऑनलाईन सर्टिफिकेटांतून हे कळत नाही.

जाता जाता: फेस्टिव्हलला सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का, असं खूप जण विचारतात. बिगर-व्यावसायिक फेस्टिव्हल माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेऊ शकतात. म्हणूनच तिथे नोंदणी करून डेलिगेट पास घ्यावा लागतो. आणि फिल्म यूट्यूबवर टाकायची घाई करू नका, काही फेस्टिव्हल अशी फिल्म घेतच नाहीत. नियम वाचा, प्रत्येकाचे वेगळे असतात.

आता माझ्या आवडीचा भाग, फाईल. थिएटरला एमपीफोर नाही, डीसीपी लागते. हा एक व्हिडिओ नसतो, फोल्डर असतो. प्रत्येक फ्रेम वेगळं चित्र म्हणून जेपीईजी २००० मध्ये साठवलेली. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पंधरा मिनिटांची २१,६०० चित्रं. सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट धरले तर साधारण २८ जीबी. पेनड्राईव्ह घेताना हे लक्षात ठेवा. डीसीपी बनवणारे हजारो रुपये मागतात, पण डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. शॉर्ट फिल्मला ते पुरतं. लॅपटॉप रात्रभर तापेल, एवढंच.

फोनवाल्यांनी एक गोष्ट मात्र जपा. फोन बऱ्याचदा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की खाली येतो. मोबाईलवर ते जाणवत नाही, पण एडिटिंगमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फाटत जातात. शूटच्या आधीच मॅन्युअल कॅमेरा ॲपमध्ये २४ लॉक करा. शूट झालंच असेल, तर एडिटला घेण्याआधी सगळ्या क्लिप स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

आणि फी भरण्याआधी सोसायटीच्या क्लबहाऊसमधला किंवा कॉलेजचा प्रोजेक्टर मागा. दिवे बंद करून पूर्ण फिल्म एकदा चालवा, स्पीकर लावून, दहा-बारा अनोळखी लोकांसमोर. घरचे नकोत, ते टाळ्याच वाजवतील.