दिवसभर उभ्यानं

लगीनसराईत आमच्या तालुक्याच्या गावातली कापडदुकानं रात्री नऊला बंद होतात, म्हणून त्या दोन-तीन महिन्यांत मीही दवाखाना साडेनऊपर्यंत उघडा ठेवते. दुकानात काम करणाऱ्या बायका-मुलींना दुसरी वेळच नसते. दिवसा आल्या तर खाडा पडतो, अर्ध्या दिवसाचा पगार जातो.

त्यांच्या तक्रारी आता मला पाठ झाल्या आहेत. "मॅडम, पोटऱ्या भरून येतात. रात्री पायात गोळे येतात. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं." आणि मग, दार लोटून घेतल्यावर हळूच, "लघवीला जळजळतं."

आपण बस्ता बांधायला जातो तेव्हा घरच्या दहा-बारा जणी गादीवर पाय पसरून बसतात, चहा येतो, समोरची मुलगी एकामागून एक घडी उलगडत राहते. शंभर साड्या बघून आपण आठ घेतो. उरलेल्या ब्याण्णव साड्यांच्या घड्या तिनंच घालायच्या असतात. सकाळी दहाला ती आलेली असते आणि बहुतेक दुकानांत तिच्यासाठी साधं स्टूलसुद्धा नसतं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. मुली बसलेल्या दिसल्या की दुकान रिकामं वाटतं, असं शेठचं म्हणणं!

पायातलं रक्त वर हृदयाकडे न्यायचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आवळतात, सैल होतात आणि पंपासारखं रक्त वर ढकलतात. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या रक्त खाली येऊ देत नाहीत. तासन् तास एका जागी उभं राहिलं की हा पंप जवळजवळ बंद पडतो. रक्त पायातच साठतं, झडपांवर ताण येतो, पाय सुजतात आणि हळूहळू शिरा फुगून निळ्या, वेड्यावाकड्या दिसायला लागतात. त्यालाच आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. घरात कुणाला असतील किंवा बाळंतपणं झाली असतील तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून "शेतात तर बायका दिवसभर उभ्याच असतात की" हा युक्तिवाद मला पटत नाही. शेतातली बाई चालते, वाकते, घटकाभर बांधावर टेकते. शेतातल्या कामाची दुखणी वेगळी.

लघवीची जळजळ होते त्यालाही हे कामच कारण. पुष्कळ दुकानांत बायकांसाठी संडास नसतो. असला तर मागच्या गोडाऊनमधून, पुरुष कामगारांच्या समोरून जायचं. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बाईचा मूत्रमार्ग आखूड असतो, जंतू चटकन मूत्राशयापर्यंत पोचतात. एरवी भरपूर लघवी झाली की ते धुऊन जातात. पाणी कमी प्यायलं आणि लघवी तुंबवून ठेवली की तिथेच त्यांची वाढ होते. मी गोळ्या देते, पाच दिवसांत बरं वाटतं आणि महिन्याभरात तीच मुलगी परत येते. पाळीच्या दिवसांत तर पॅड बदलायलाही जागा नसते, त्याबद्दल काय लिहावं!

गेल्या लगीनसराईत एकीनं मला वेगळंच औषध मागितलं. "गोळी नको मॅडम. तुमच्या कागदावर लिहून द्या, हिला अधूनमधून बसू द्यावं म्हणून." पाचवा महिना चालू होता तिला. मी शिक्का मारून चिठ्ठी दिली. शेठनं ती वाचली आणि म्हणाला, "घरीच बसा मग, बाळंतपण होईपर्यंत." त्यानंतर तशीच चिठ्ठी मागायला आलेल्या दुसरीला मी आधी विचारलं, नोकरी गेली तर चालेल का? ती विचार करून सांगते म्हणाली. अजून आलेली नाही. एका दुकानात मात्र अशाच चिठ्ठीनंतर काउंटरमागे दोन स्टुलं आली. त्या शेठच्या आईचेही पाय असेच सुजतात, हे मला मागाहून कळलं.

बसण्यासाठी भांडावं लागतं हे केरळातल्या बायकांना आपल्या आधी कळलं. कोझिकोडच्या बाजारपेठेतल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं एकत्र आणलं. सुरुवात संडासाच्या मागणीपासून झाली, पुढे बसण्याच्या हक्काची मागणी आली. बरीच वर्षं भांडल्यावर २०१८ मध्ये केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसण्याची सोय देणं मालकांना बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही तसा कायदा केला. खरं तर १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या ४४ व्या कलमात उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय लिहिलेली होती. पण तो कायदा कारखान्यांसाठी होता, साडीच्या दुकानाला तो कसा लागू होणार होता?

आता मनाचं. पायाची सूज दाखवता तरी येते. "या वयात तुला साडी दाखवता येत नाही?" असं गिऱ्हाईक म्हणालं तरी हसायचं. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की शेठची बोलणी खायची, आणि तीही सगळ्यांसमोर. डोक्यावर कॅमेरा. संध्याकाळी निघताना पर्स उघडून दाखवायची. एक जण म्हणाली, "मॅडम, दिवसभर हसून हसून घरी गेले की पोरांवर हात उचलते. मग रडू येतं." आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं ठेवायच्या या कष्टाला आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईनं १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' असं नाव दिलं. त्यांनी अभ्यास केला तो विमानातल्या हवाईसुंदरींचा. आमच्या पेठेतल्या मुलींचं काम त्याहून वेगळं नाही, फक्त त्यांच्याकडे कुणी त्या नजरेनं बघितलेलं नाही. झोप न लागणं, सारखं डोकं दुखणं, छातीत धडधडणं, सकाळी कामावर जायच्या विचारानंच पोटात कालवणं, अशी लक्षणं घेऊन त्या येतात आणि टॉनिक मागतात. मी टॉनिक देत नाही. आधी बोलू देते. त्यानं मागे रांग वाढते, पण इलाज नाही.

आणि गोडाऊनमध्ये कुणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल तर ते 'सहन करायचं काम' नव्हे. २०१३ चा कायदा छोट्या दुकानांनाही आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार शक्यतो तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीनं लिहायला मदत करायची असते.

स्टूल मिळेपर्यंत काय करायचं, असं मुली विचारतात. उभ्या उभ्याच टाचा उचलून चवड्यांवर यायचं, खाली यायचं, असं पंधरा-वीस वेळा, दर तासाला. सपाट, झिजलेली चप्पल नको, टाचेखाली मऊ तळ असलेली हवी. घरी गेल्यावर उशीवर पाय उंच ठेवून वीस मिनिटं पडायचं, आणि तेवढा वेळ स्वयंपाक दुसऱ्या कुणी बघायचा. पायाला दाब देणारे मोजे मिळतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. पाणी मात्र सोडू नका. जळजळीबरोबर थंडी-ताप आला, कुशीत दुखायला लागलं तर अंगावर काढू नका.

एकाच पोटरीला अचानक सूज आली, ती गरम लागली, दुखायला लागली, तर ती नेहमीची सूज समजून चोळत बसू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. अशा वेळी चोळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दुकान सुटायची वाट बघायची नाही.